गंधक भरपूर

मंगळवार, १२ मे २०१५. सकाळी अकरा चाळीसला सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या माती प्रयोगशाळेत प्रफुल्लचा फोन वाजला. आसामातल्या चहाच्या मळ्यावरून संजीव बोलत होता. त्याला कामावरून काढण्याची नोटीस मिळाली होती.

दोघे परभणीच्या कृषी महाविद्यालयात चार वर्षे एका खोलीत राहिलेले. संजीव मळ्यावर खतांचे बघायचा. जानेवारीत मातीचे नमुने सिंगापूरला त्यानेच पाठवले होते.

"कोवळी पानं पिवळी पडलीत," तो म्हणाला. "साहेब म्हणतो, मी युरिया टाकलाच नाही, विकून खाल्ला. म्हटलं, गंधक कमी असेल. तर तुझा रिपोर्ट नाकासमोर धरला. गंधक भरपूर. हॉस्टेलात चहात साखर मोजून टाकणारा माणूस तू. तुझ्यापुढे माझं काय चालणार, प्रफुल्ल्या?"

प्रफुल्लला हसता आले नाही.

नमुने हवेत वाळवायचे असतात. जानेवारीच्या दमट हवेत पाच दिवसांनीही माती ओलसरच होती, आणि त्याची सुट्टीची तिकिटे काढून झाली होती. त्याने ट्रे एकशेपाच अंशांच्या ओव्हनमध्ये सरकवले. त्या उष्णतेत कुजक्या पाल्यात अडकलेले गंधक सुटते आणि मोजणीत उतरते. मळ्यातल्या झाडाला मात्र ते मिळत नसते. हे त्याला पाठ होते. तरी फॉर्मवर त्याने लिहिले, हवेत वाळवले.

संजीवकडून पिवळ्या पानांचा फोटो आल्यावर त्याने उरलेली माती गुपचूप हवेत वाळवून मोजली. आकडा कालच आला होता. रिपोर्टातल्याच्या एकतृतीयांश. मळ्यात गंधक खरेच कमी होते.

"गुरुवारी दहाला चौकशी आहे," संजीव म्हणाला. "घरी सविताही धड बोलत नाही. तिलाही वाटतंय, मी खाल्ला. पुन्हा तपासशील?"

"बघतो," प्रफुल्ल म्हणाला, आणि त्या एका शब्दाने त्याचे कान तापले.

तीन वाजता तो प्रयोगशाळेच्या प्रमुखांसमोर उभा राहिला.

"सुनेत्राताई, ते नमुने मी ओव्हनमध्ये वाळवले होते."

"फॉर्मवर काय लिहिलंय?"

"हवेत."

त्यांनी चष्मा काढला. "चूक मी समजू शकते. हे खोटं आहे. दुरुस्तीचं पत्र मी लीगलकडून पाठवते. तोवर मळ्यावर कुणाशी बोलायचं नाही."

बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत पत्र गेलेले नव्हते. संजीवचे तीन फोन येऊन गेले होते. प्रफुल्लने एकही उचलला नव्हता, आणि चौकशी उद्या सकाळी दहाला होती.