एका उखळात

चोपन्न सालचा आगेरा, नव्या पिकाचा सण. उरणच्या मोरा बंदरामागल्या आळीतली ख्रिस्ती बायामाणसं नव्या भाताच्या पहिल्या लोंब्या वाहायला चर्चात शिरत होती, आणि कातरीन पायरीपाशीच अडली. कडेवर इनास, हातात लोंब्यांची जुडी. पाय उचलेना.

आगेऱ्यासाठी आधी राखलेली जुडी आठवड्यापूर्वी शेजारच्या गोजराच्या शेळीनं फस्त केली होती. कातरीनच्या अंगाची लाही झाली. कुंपणावरून तिनं तोंड सोडलं, "वांझोटीला काय कलनार पयल्या फलाची किंमत!"

गोजरा शेळीला ओढत आत गेली. बाळंतपणात कातरीन तापानं फणफणली, तेव्हा इनासला उराशी धरून बसलेली हीच गोजरा! त्या दिवसापासून इनास कुंपणाशी रांगत जाऊन हात पुढे करायचा नि गोजरा मान फिरवायची.

पाद्री सांगायचे, कुणाचं मन मोडून आला असाल तर आधी माघारी जा, देव थांबतो. देव थांबेल हो, पण गोजरापुढं हे तोंड न्यायचं कसं?

तरी ती वळली.

उरणात गिरणी आली तरी गोजरा भात घरीच कांडायची. आत्ताही अंगणात एकटीच कांडत होती.

"गोजराबाय, माजी जीब झडली आसती तं बरं झालं आसतं."

"मंग भांडली कशानं आसतीस?" गोजरानं वर पाहिलं नाही. "माफीबिफी मना नको. मुसल घे."

कातरीननं इनासला चटईवर ठेवलं, शेजारी जुडी. दुसरं मुसळ उचललं आणि स्वतःवरचा सगळा संताप घालून हाणलं. मुसळावर मुसळ आदळलं. भात अंगणभर उडालं.

"हलू गो! मी मारीन, मंग तू."

एका उखळात दोघींनी कांडायचं, तर दुसरीचा घाव पडेपर्यंत आपलं मुसळ वर धरावं लागतं. कातरीननं धरलं. दंड भरून आले. डोळे गळत होते, पुसायला हात मोकळा नव्हता. 'प्रभू, माझ्या जिभेलाही असंच थांबायला शिकव.' हळूहळू ठेका जुळला.

चर्चची घंटा झाली. इनासनं लोंबी तोंडात घातली, तशी गोजरानं मुसळ टेकवून ती सोडवली आणि जुडी कातरीनच्या हाती दिली.

"जा. तुजा देव वाट बगत आसंल."

कातरीन पोराला घ्यायला वाकली.

"त्याला ऱ्हाऊ दे. ऊन हाय."

कातरीन रिकाम्या कडेनं निघाली. वेदीपुढं जुडी ठेवतानाही मान वर करायचं तिचं धाडस झालं नाही.