एक्केचाळिसावं रान

पाणीवापर सोसायटीच्या भिंतीवर पाटाच्या पाण्याच्या पाळीची नवी यादी लागली होती आणि एक बाई ती तिसऱ्यांदा वाचत होती. पहिल्यांदा वाटलं, नजर चुकली. दुसऱ्यांदा बोट लावून वाचली. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. यादीत चाळीस रानं होती. तिचं एक्केचाळिसावं नव्हतं.

पाट जिथं संपतो तिथं तिचं रान, म्हणून तिला सगळे टोकाची म्हणत. वरच्या चाळीस जणांचं भागलं की उरलंसुरलं पाणी तिच्याकडे यायचं, कधी दोन तास, कधी अर्धा. यंदा गहू पोटरीला आला होता. ओंबी बाहेर पडायच्या आत एक पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाही तर नुसता भुसा. रानाला भेगा अशा पडल्या होत्या की त्यात खुरपं पडलं तर हाताला लागलं नसतं.

ती तरातरा आत गेली. आत मास्तर बसले होते. शाळेतून रिटायर झाल्यापासून पाळीची वही त्यांच्या हातात होती.

"मास्तर, माझं रान वाहून गेलं का काय?"

"कुठं जाईल? आहे की जागेवर."

"मग यादीत का नाही?"

मास्तरांनी चष्मा पुसला, वही उघडली. छापील पानावर ओळी चाळीसच. पंधरा वर्षांपूर्वी तिचं रान पाटाखाली आलं तेव्हा ओळ शिल्लक नव्हती, म्हणून मास्तरांनी ते डाव्या बाजूच्या समासात पेन्सिलीनं आडवं, बारीक लिहून ठेवलं. पुढं दर वर्षी तसंच चालू राहिलं. यंदा चेअरमननी पानाची झेरॉक्स नेऊन यादी टाइप करून आणली होती, आणि झेरॉक्सला समासच आला नव्हता.

"मशीननं कड कापली बघ," मास्तर म्हणाले.

"मशीननं कापली, पण मला कडेला बसवलं कुणी?"

मास्तर खाकरले. "कडेला म्हणजे कमी नव्हे पोरी. जुन्या पोथ्या बघ. शहाण्यांचे शेरे समासातच असतात. मोठमोठे विद्वान पोथी सोडून ते शेरे वाचत बसतात."

"शेऱ्याला पाणी लागत नाही मास्तर. गव्हाला लागतं." तिचा आवाज चढला. "आणि चौथीत मी समासात बेरीज केली, तेव्हा तुम्ही बोटांवर पट्टी मारली होती. म्हणालात, समासातलं धरलं जात नाही. माझी शाळा तेवढीच झाली, पण झाली ती पक्की झाली."

मास्तरांना हसावं की रागवावं कळेना. तिला मात्र अजून बोलायचं होतं.

"तुम्ही गोष्ट सांगायचात. राजा रानात वाट चुकतो, एक बाई त्याला पाणी पाजते. मग राजाची लढाई, राजाचं लग्न. त्या बाईचं पुढं काय झालं?"

"गोष्टीत नाही तिचं काही."

"तेच म्हणते मी. पाजायला हवी, सांगायला नको!"

आवाज ऐकून आतल्या खोलीतून चेअरमन बाहेर आले. चाळिसावं रान त्यांचंच, तिच्या बांधाला लागून. "काय झालं वहिनी? यादी तर मंजूर झाली. पुढच्या पाळीला बघू."

"पुढची पाळी एकवीस दिवसांनी, भाऊजी. तोवर गव्हाला काय माझी आसवं पाजू?"

"वहीबाहेर मला जाता येत नाही. नियम तो नियम."

"म्हणजे वहीप्रमाणे पाट तुमच्या रानाशी संपतो?"

"वहीप्रमाणे तसंच."

"मास्तर, ऐकलंत ना? मग झालं तर." एवढं बोलून ती चालायला लागली.

एक गोष्ट त्या दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. वरच्या कुणाला पाणी नको असलं की तो पाटावरचं आपलं दार बंद करी, आणि ते सगळं नकोसं पाणी टोकाचीच्या रानात खणलेल्या चारीनं ओढ्याला जाई. पाळी नसताना ते पिकाला वळवलं तर चोरी ठरे. हवं तेव्हा ठणठणाट आणि नको तेव्हा लोंढा, असा तिचा पंधरा वर्षांचा संसार. एकदा काढून ठेवलेला हरभरा त्या लोंढ्यात गेला, तेव्हा हळहळायलाही कुणी आलं नव्हतं. आणि आज चेअरमनांचा कांदा उपटून रानात सुकत पडला होता.

घरी नवरा दोर वळत बसला होता. गरीब माणूस. कुणी पायावर पाय दिला तरी "असू द्या" म्हणायचा, म्हणून गावात त्याचं नावच असूद्या पडलं होतं.

"अहो, फावडं घ्या. चारी बुजवायची."

"अगं, असू दे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"पाणी कुठंय वैर करायला?"

असूद्याला हसू फुटलं. हसत हसतच तो उठला आणि गोठ्यातली रिकामी पोती घेऊन आला. संध्याकाळपर्यंत दोघांनी पोत्यांत माती भरली, दगड लावले, चिखल पायांनी तुडवून चेपला. सगळं आपल्या हद्दीत, बांधाच्या एक वीत आत.

सकाळी पाट भरून आला. चेअरमनांचं दार कांद्यामुळं बंद होतं. पाणी पोत्यांना येऊन टेकलं, थांबलं, फुगलं आणि मागं सरून पाटाच्या काठावरून कांद्याच्या रानात उतरू लागलं.

चेअरमन स्कूटरवरून आले ते ओरडतच. मागं मास्तर, काखेत वही. "वहिनी, वेड लागलं का? काढा ती पोती!"

टोकाची फावडं टेकवून उभी होती. "कुठली पोती? तुमच्या वहीप्रमाणे इथं रानच नाही."

"पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा. त्यांनाही वहीच दाखवा."

चेअरमननी वरचं दार सांभाळणाऱ्या पाटकऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, वरून बंद करतो, पण पाटात आहे तेवढं पाणी खाली येणारच. तेवढं म्हणजे कोसभर लांबीचं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात ते खोटं नाही. चेअरमनांचं तोंड उघडलं.

"लिहा हो मास्तर, लिहा हिचं रान! आज पाणीही द्या!"

मास्तर बांधावर बसले, मांडीवर वही घेतली आणि खिशात पेन्सिल चाचपू लागले.

"पेन्सिल नको. पेन घ्या," ती म्हणाली.

मास्तरांनी पेन घेतलं. हात सवयीनं समासाकडे गेला.

"तिथं नाही."

"अगं, ओळच नाही."

"पान उलटा."

"एका रानासाठी अख्खं कोरं पान?"

"उद्या आणखी कुणाचं रान पाटाखाली आलं, तर त्यालाही जागा नको?"

मास्तरांनी पान उलटलं. "नाव कुणाचं घालू?"

"चारी बुजवली तिचं घाला," असूद्या मागून म्हणाला.

पानाच्या डोक्यावर मास्तरांनी मोठ्या, गोल अक्षरात, शाळेतल्या फळ्यावर लिहीत तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिनं वही घेऊन उघड्या उन्हात धरली.

पाणी कांद्याच्या पहिल्या ओळीला लागलं होतं. "झालं ना आता? काढा पोती!" चेअरमन जागच्या जागी नाचत होते.

"शाई ओली आहे, भाऊजी."

"वहिनी, कांदा भिजतोय!"

"पंधरा वर्षं मी कोरड्यात उभी राहिले. तुम्ही पाच मिनिटं ओल्यात राहा."

तिनं फुंकर घातली, थांबली. मग अक्षरांवरून बोट फिरवून बघितलं. बोटाला काही लागलं नाही, तेव्हा वही मास्तरांच्या हातात देऊन ती चारीत उतरली आणि तिनं पहिलं पोतं ओढलं.