बुजवलेली खिडकी

कंडक्टरांनी कपाटाला पाठ लावली आणि दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवले.

"हे इथून हलायचं नाही."

दारातल्या गवंड्याने हातातले घमेले खाली ठेवले. त्याला घाई नव्हती. गल्लीतल्या प्रत्येक घरात सुरुवातीचा वेळ असाच जात असे.

कपाटामागे एकेकाळी खिडकी होती. दंगलीच्या वर्षी सरकारने गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या, समोरासमोरच्या सगळ्या खिडक्या विटांनी बुजवल्या; इकडचा दगड तिकडे जायला नको, तिकडचा इकडे यायला नको. आता नवा आदेश आला होता: ज्याला हवी त्याने खिडकी सरकारी खर्चाने मोकळी करून घ्यावी.

"सक्ती नाहीये," निवृत्तीनंतरही गल्लीभर कंडक्टरच राहिलेले ते बायकोला म्हणाले. "ऐकलंस ना?"

"ऐकलं." तिने शिलाई मशीनवरून मान उचलली नाही. भर दुपारी तिच्या डोक्यावर दिवा जळत होता, तरी काळ्या कापडावरची शिवण तिला बोटांनी चाचपावी लागत होती. "आणि डॉक्टर काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलंत. असाच उजेड राहिला तर मशीन विकावं लागेल."

"डोळ्यांपेक्षा जीव मोठा."

"जन्मभर धावत्या बसमध्ये उभे राहिलात. आता उभ्या भिंतीला टेकून घाबरताय?"

गवंड्याने हसू दाबले. "काका, नुसती भिंत बघू द्या. ओल धरली असेल तर कपाट कुजेल."

कपाटाच्या काळजीने कंडक्टर बाजूला झाले. तिघांनी मिळून ते सरकवले. भिंत कोरडी होती. गुणी बैलाच्या पाठीवर द्यावी तशी कंडक्टरांनी तिच्यावर थाप दिली.

"ही आहे म्हणून डोळा लागतो माझा."

गवंड्याने थापीचे टोक दोन विटांच्या सांध्यात घालून फिरवले आणि एक वीट अलगद ओढून काढली. मागोमाग थोडी माती सांडली. कंडक्टरांनी वाकून ती चिमटीत घेतली, चोळली.

"सिमेंट कुठंय?"

"घातलंच नव्हतं. ही मीच बांधली. कधी ना कधी काढायचीच, मग चौकट कशाला दुखवायची? मातीतच लावल्या विटा."

"आणि बाहेरून कुणी धक्का मारला असता तर?"

"पडली असती," गवंडी खाली बघत म्हणाला.

मशीन थांबले.  कंडक्टरांनी हनुवटीने समोरची बाजू दाखवली.

"त्यांच्या?"

"त्याही मीच. त्याच मातीत."

"ठाऊक आहे त्यांना?"

"सकाळी तिकडेच होतो. समोरचे आजोबाही आधी भडकले. मग म्हणाले, कंडक्टर काढतोय का बघ. त्याने काढली तर ये."

कंडक्टर विटेएवढ्या भोकाकडे पाहत राहिले. मग त्यांनी बाह्या वर सारल्या. दुसरी वीट जरा हट्टी निघाली. दोन्ही हातांनी हलवून हलवून त्यांनी ती काढली आणि भोकाशी तोंड नेले.

"आमची निघतेय हो."

 मग पलीकडच्या विटांमागून दबलेला, खोकल्याने तुटलेला आवाज आला.

"सावकाश काढ रे. पायावर पडेल."