मामाच्या घासाची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची वाटी आहे. औरंगपुऱ्यातल्या एका सोनाराने मला घडवलं. उष्टावणाला, म्हणजे बाळाच्या पहिल्या घासाला, मामाने माझ्यातूनच खीर भरवायची, असा या घरचा रिवाज. कितीतरी बाळं माझ्यातून जेवायला शिकली. बायका मला हातात घेऊन कौतुक करायच्या आणि मीही खुशाल फुगायचे. आता त्या फुगण्याचीच मला चीड येते.

क्रांती चौकाजवळच्या घरात काचेच्या कपाटात बसून मी सगळं बघायचे. शिवराज आणि दीपमालाला मुलगा झाला, माऊली. बारशाला पाहुण्यांना मानाच्या टोप्या घातल्या, पण दीपमालाचा भाऊ कडुबा तेवढा राहून गेला. तो न जेवताच अजिंठ्याला निघून गेला. एका टोपीपायी दोन घरांचं बोलणं बंद झालं.

माऊलीला सहा महिने पूर्ण झाले. कुणी भाकरी मोडली की तो हात पुढे करायचा. दीपमाला सासूला, लक्ष्मीबाईंना, म्हणाली, "आई, आता नुसत्या दुधावर त्याचं भागत नाही. वरणभात मऊ कुस्करून देते."

"मामानं उष्टावल्याबिगर घास द्यायचा नाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तवर वरणाचं पाणी दे. पाण्यानं काय उष्टावण मोडत नाय."

मग रोज वरणाचं पाणी सुरू झालं. पोट टम्म व्हायचं, अंगी काही लागायचं नाही. बाळाचं खाणं चमच्यावरून ओघळू नये इतकं घट्ट हवं, हे दीपमालाला चांगलं माहीत होतं. तिने ते घरात सगळ्यांना सांगून पाहिलं. त्या घरात तिचं काही चालत नव्हतं.

तिने भावाला फोन केला. "दादा, राग असू दे, पण येऊन घास भरव."

"दाजींनी एक फोन करावा, लगेच निघतो."

शिवराज मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "रुसून तो गेला. मी कशापायी फोन करू?"

काचेतून मी माऊलीचे दंड सुकताना पाहिले. आधी तो रडायचा. मग रडणंही कमी झालं, तर लक्ष्मीबाई म्हणाल्या, पोरगं लई शहाणं झालं. पुढे जुलाब लागले. डॉक्टर म्हणाले, याच्या अंगात झुंजायला काही उरलेलंच नाही. माऊली दवाखान्यातून परत आला नाही.

त्या दिवशी कडुबा आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आणि शिवराज दारात शेजारी उभे होते, आणि दोघांनाही वर बघवत नव्हतं.

नंतर दीपमालाला मुलगी झाली. तिला सहा महिने पूर्ण झाले, त्या सकाळी दीपमालाने स्टीलच्या ताटलीत वरणभात बोटांनी कुस्करला आणि कुणाचीही वाट न बघता मुलीला भरवला. लक्ष्मीबाई ओट्याशी उभ्या होत्या. आता या काय म्हणतात, म्हणून मी धास्तावले. त्यांनी तुपाची बरणी आणली, भातावर तूप सोडलं आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

मला कुणी कपाटातून काढलं नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा, घासूनपुसून ठेवा. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल काळी पडू द्या. तुमच्या घरचं सहा महिन्यांचं बाळ तुमच्या घासाकडे बघत असेल, तर मुहूर्त आणि मानपान नंतर बघा. त्याची आई काय म्हणते ते आधी ऐका. माऊलीच्या आईला सगळं ठाऊक होतं.