बोट सोडल्यावर

मित्रांनो, मी एक जुनं बटण आहे. हाताला लागणारं नव्हे. परळच्या एका रुग्णालयाच्या ॲपमधलं, निळं, गोल, 'ताजी माहिती' असं लिहिलेलं. मला श्रेयाने घडवलं.

आत शस्त्रक्रिया चालू असताना बाहेरच्यांना तिची खबर देणं, हे माझं काम. मला दाबलं की वर नवी ओळ उमटायची. कुणी ती वाचून फोन कपाळाला लावायचं. तेवढं कौतुक मला पुरायचं.

श्रेयाची आजी, सुभद्राबाई, दगडूआजोबांना तपासणीला आणायच्या तेव्हा त्यांचा नंबर मीच दाखवायचं. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सूत हाताळून गुळगुळीत झालेला त्यांचा अंगठा मला लगेच ओळखू यायचा.

पुढे श्रेयाने नवी सोय केली. फोनचा पडदा बोटाने खाली ओढला की माहिती ताजी. मग मला तिने झाकलं. जागा वाचते म्हणाली, आणि ते खरंच होतं.

दगडूआजोबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती त्या दिवशी श्रेया औषधं आणायला खाली गेली. जाताना आजीला म्हणाली, "बटण गेलं आता. पडदा खाली ओढायचा."

आजींनी ओढला, आणि धरूनच ठेवला. वरचं चक्र अर्धवट दिसत राहिलं, फिरेना. 'शस्त्रक्रिया सुरू आहे' ही ओळ हलेना. मागून आलेली माणसं आपापली खबर वाचून हसत उठून गेली. आजींचा चेहरा उतरत गेला. झाकल्या जागेवरून मला सारं दिसत होतं, पण करणार काय?

श्रेया परतली. "आजी, अशी काय धरून बसलीस?"

"तूच म्हणालीस ना, ओढ."

"ओढून सोडायचं गं."

"सोडू कशी? तुटल्या धाग्याचं टोक गाठ बसेपर्यंत सोडायचं नाय. मुकादमाने पयल्याच दिवशी शिकवलंन."

"इथे सोडल्यावरच गाठ बसते."

आजींनी बोट उचललं. चक्र फिरलं. 'रुग्ण शुद्धीवर आले आहेत.'

आजींनी ती ओळ पुन्हा वाचली. "म्हातारा कधीचा जागा झाला, नि मी हितं धरून बसलंय."

"बटण परत ठेवते," श्रेया हळूच म्हणाली.

"नको. मला जमलं आता. पण दुसऱ्या म्हातारीला नीट सांग, बाय."

आता पडद्यावर एक ओळ आहे: 'खाली ओढा आणि बोट सोडा.'

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुनं काढण्याआधी, त्याच्या भरवशावर बसलेल्या माणसाला नवी वाट हाताला धरून दाखवा. माझं एवढंच मागणं.

आज श्रेया मला कायमचं पुसायला बसली आहे. 'पुसा'वर टेकलेलं तिचं बोट उचलायला अडखळलंय.

सोड गं, बाय.