गुरुवारची दिवाळी

सुमेधाने नारळ मांडीत धरला आणि शेंडी तेवढी राखून बाकीची जट उपटायला सुरुवात केली. एरवी हे काम ती गप्पा मारत, सावकाश करायची. आज तिच्या बोटांना धीर नव्हता. समोरच्या ताटात शाल होती, गुच्छ होता, अक्षतांची वाटी होती. बाहेर हॉलमध्ये गणपतीची आरती संपत आली होती आणि आरतीनंतर लगेच सत्कार होता.

सत्कार वासुदेव खानोलकरांचा. त्यांचे वडील कुडाळहून युरोपातल्या एका देशात गेले, हे तिकडेच वाढले आणि तिकडच्या संसदेत निवडूनही आले. तेव्हापासून दुबईतल्या या मंडळाला त्यांचा असा काही लळा लागला होता, की वर्षातून एकदा तरी त्यांना आणल्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटेना.

"हेमाताई, मी त्यांना स्टेजवर विचारणार आहे," सुमेधा म्हणाली.

मंडळाच्या अध्यक्षा हेमाताई दारातच थबकल्या. "प्लीज, सुमेधा. पाहुणा आहे तो आपला. स्टेजवर पॉलिटिक्स नको. इथे परमिशन काढून कार्यक्रम करतो आपण."

"पॉलिटिक्स कुठलं? माझ्या भावाचं विचारायचंय."

हेमाताई "बघ बाई" म्हणाल्या आणि माइककडे गेल्या.

सुमेधाचा भाऊ नागेश तेलाच्या जहाजावर इंजिनीअर होता. गेल्या दिवाळीत बहिणीकडून ओवाळून घेऊन तो बोटीवर चढला आणि महिन्याभरात ती बोट खानोलकरांच्या देशाने निर्बंधांच्या यादीत टाकली. मालक परागंदा झाला. तेव्हापासून बोट दुबईजवळच्या फुजैराच्या समुद्रात नांगर टाकून उभी होती. बदली माणूस आल्याशिवाय नागेशला उतरता येत नव्हतं आणि यादीतल्या बोटीवर बदली माणूस पाठवायला एकही एजंट धजत नव्हता. पाठवला तर उद्या त्याचंच नाव यादीत यायचं. सुमेधा स्वतः जुमेरा लेक टॉवर्समध्ये जहाजांच्या विम्याच्या ऑफिसात होती. अशा बोटींना नकार कळवणारी पत्रं तीच टाइप करायची, त्यामुळे कोण किती घाबरतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. नागेशचा कालचा व्हॉइस मेसेज तिने पुन्हापुन्हा ऐकला होता. "ताई, रात्री किनाऱ्यावरचे दिवे दिसतात गं," एवढंच तो म्हणाला होता. भावाला किनारा दिसतोय आणि इतक्या जवळ आपण हातावर हात ठेवून बसलोय, याचा तिला संताप संताप येत होता.

"आई, आय हॅव हिज होल रेकॉर्ड," मिहिका फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. ही सुमेधाची मुलगी, कॉलेजात शिकणारी.

रेकॉर्ड कसलंच गुप्त नव्हतं. त्या संसदेच्या वेबसाइटवर कुणी कधी काय मत दिलं ते जगजाहीर होतं. निर्बंधांच्या प्रत्येक ठरावावर खानोलकर बाजूने. त्याबद्दल सुमेधाची तक्रार नव्हती. युद्ध करणाऱ्यांचं तेल अडवायचं तर खुशाल अडवा. तिचं भांडण एकाच मताशी होतं. बोटीवरच्या खलाशांना उतरवायला, बदली माणसं पाठवायला निर्बंधांतून सूट द्यावी, अशी एक दुरुस्ती गेल्या वर्षी आली होती. दोन्हीकडे सारखी मतं पडली आणि तिकडच्या नियमाप्रमाणे दुरुस्ती बारगळली. त्या ओळीत खानोलकरांच्या नावापुढे 'गैरहजर' होतं.

"कॅन्टीनमध्ये चहा ढोसत बसला असेल," सुमेधा म्हणाली आणि जटेचा शेवटचा पुंजका हिसकून काढला.

"दे आर व्होटिंग ऑन इट अगेन, बाय द वे. दिवाळी वीक, थर्सडे." मिहिकाने स्क्रीन खाली सरकवली आणि तिचा अंगठा थांबला. "वेट. लास्ट टाइमची डेट बघ. दॅट वॉज अवर दिवाळी प्रोग्रॅम, आई. आय वॉज इन द डान्स."

सुमेधाने फोन तिच्या हातातून घेतला. तारीख तीच होती. शनिवार-रविवारचे हॉल मोठी मंडळं आधीच अडवून ठेवतात, म्हणून यांची दिवाळी गुरुवारी. हॉल सुमेधानेच धरला होता. पाहुण्यांना फोनही तिनेच केला होता, ऑफिसच्या पॅन्ट्रीतून, कॉफी ढवळत. पलीकडून खानोलकर म्हणाले होते, "त्या दिवशी सभागृहात मतदान आहे हो." आणि ती हसून म्हणाली होती, "साहेब, तुमच्या एका मतानं काय अडतंय तिकडे? इथे तुमच्याशिवाय दिवा लागायचा नाही."

तिने नारळ ताटात ठेवला. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बाहेर हेमाताईंनी तिचं नाव पुकारलं. तिने पदर खोचला आणि ताट उचललं.

"आर यू स्टिल गोइंग टू आस्क हिम?"

"आता तर विचारायलाच हवं."

स्टेजवर खानोलकर हात जोडून उभे होते. शाल पांघरताना सुमेधा त्यांच्या कानाशी आली. "साहेब, गेल्या दिवाळीत तुम्ही तिकडे असता, तर खलाशांच्या दुरुस्तीला मत कसं दिलं असतंत?"

ते चमकले. मग हळूच म्हणाले, "बाजूने. तिच्यावर माझी सही होती. एका मताने पडेल असं वाटलं नव्हतं कुणाला."

"मी तुम्हाला फोनवर काय म्हटलं होतं, आठवतं?"

खानोलकरांनी शालीचं टोक उगाच नीट केलं.

तेवढ्यात हेमाताई माइकवर खुलून बोलल्या, "आणि यंदाच्या दिवाळीलाही साहेबांनीच दिवा लावायचाय! सुमेधा, दे गं अक्षता, निमंत्रण पक्कं करून टाक."

टाळ्या पडल्या. सुमेधाने नारळ त्यांच्या ओंजळीत ठेवला. अक्षतांच्या वाटीला तिने हात लावला नाही. तिने हेमाताईंच्या हातून माइक घेतला.

"साहेब, दिवाळीला येऊ नका."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"त्या गुरुवारी तुमच्याकडे मतदान आहे. माझा भाऊ फुजैराला बोटीवर अडकलाय. तुमच्या एका मतानं अडतं, हे मला आत्ता कळलं. तुम्ही तिकडेच थांबा. कुणी कितीही आग्रह केला, मी केला तरी येऊ नका."

खानोलकर नारळ छातीशी धरून उभे होते. त्यांनी मान हलवली. "थांबतो," ते म्हणाले. माइक त्यांच्यापासून लांब होता, पण पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

हेमाताईंनी सुमेधाचं कोपर धरून तिला बाजूला ओढलं. "अगं, कार्ड छापायला गेलीत! मग त्या दिवशी दिवा कोण लावणार?"

सुमेधाने अक्षतांची वाटी उचलून पदराखाली घेतली.

"मतदान संपेपर्यंत थांबू," ती म्हणाली. "आकडा कळला, की मी लावते."