शेवटच्या तबकातल्या वीस

दादाच्या शेडमध्ये विषाणूची साथ तिसऱ्यांदा शिरली होती. रेशमाच्या अळ्या फुगत, पिवळ्या पडत, तबकाच्या कडेवर चढत आणि कातडी फाटून दुधासारखं पाणी गळे. ते ज्या पानांवर पडे, ती खाणाऱ्या अळ्याही आठवड्याच्या आत तशाच फुटत. सकाळपासून दादा फावड्यानं तबकं खरवडून खड्ड्यात लोटत होता, गॅसच्या ज्योतीनं जाळत होता. अळ्या तडतडत होत्या.

शेवटच्या तबकापुढे धाकटी बहीण आडवी आली. दादानं अकरा वर्षं संकर करत जुळवलेल्या जातीच्या एवढ्याच वीस अळ्या उरल्या होत्या. तिनं त्यांना प्रयोगशाळेतून आणलेला मायक्रोआरएनए टोचला होता. अळीच्याच पेशीत असणारा हा इवलासा धागा. फक्त तिनं तो जास्तीचा दिला होता. विषाणू आपल्या नकला काढायला जो निरोप धाडतो, त्याला हा चिकटतो आणि निरोपाची वाचा बसते. या विसांनीही तीच बाधलेली पानं खाल्ली होती, तरी आठव्या दिवशीही त्यांची पानं कुरतडणं चालूच होतं.

दादाला भरवसा नव्हता. शेजारच्या शेडा आपल्या साथीनं बुडाल्या तर तोंड कुठे लपवू, म्हणत त्यानं फावडं उगारलं. तिनं दांडा धरला. त्यानं हिसका दिला, ती भिंतीवर आपटली, कपाळ फुटलं. डोळ्यात रक्त उतरलं तशी तिनं हाताला लागली ती वीट त्याच्या तोंडावर हाणली. दादा मटकन खाली बसला. थुंकला, तर तळहातावर दात.

ती त्याच्याकडे न बघता खल घेऊन बसली. एकेक करत दहा अळ्या तिनं ठेचल्या आणि प्रत्येकीचा लगदा वेगळ्या नळीत भरला.

"अगं भवाने," दादा सुजल्या ओठांनी म्हणाला, "मग मी काय वेगळं करत होतो?"

"तू जाळत होतास. राखेत विषाणू मोजता येत नाही. एकही निघाला नाही, तर उरलेल्या दहांवर तुझी जात पुन्हा उभी करू."

संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून परतली. दादा दारातच होता.

"आहे," ती म्हणाली. "मेलेल्यांत होता त्याचा हजारावा हिस्सा, पण ठेचलेल्या दहाही जणींत आहे. या उरलेल्या स्वतः मरणार नाहीत दादा, दुसऱ्यांना मारतील."

दादानं पेटवलेली ज्योत तिनं त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच तबकाकडे वळवली. दहाही अळ्या अजून खात होत्या.